स्टीम रूममधला दिवा बदलताना: पाण्याआधी वाफेचा विचार

स्टीम रूममधला दिवा बंद पडला की बहुतेक जण त्याच मापाचा नवा ‘वॉटरप्रूफ’ दिवा आणतात आणि जुन्याच्या जागी बसवून टाकतात. काही महिन्यांत त्याच्याही काचेच्या आत पाण्याचे थेंब दिसू लागतात, प्रकाश मंदावतो, दिवा लुकलुकतो आणि एक दिवस विझतो. मग कधी दिव्याच्या दर्जाला बोल लावला जातो, तर कधी बसवणाऱ्याच्या हाताला. पुष्कळदा दिवाही बरा असतो आणि कामही बरे झालेले असते. घोटाळा झालेला असतो तो निवडीच्या वेळी, स्टीम रूम म्हणजे जरा जास्त ओले न्हाणीघर असे गृहीत धरल्यामुळे. न्हाणीघरात दिव्यावर पाणी उडते आणि ओघळून जाते. स्टीम रूममध्ये दिवा तासन्‌तास गरम बाष्पाने वेढलेला असतो. पाणी अडवणे आणि बाष्प अडवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि दिव्याच्या वेष्टनावरचे आकडे प्रामुख्याने पहिल्या कामाबद्दल बोलतात.

आधी परिस्थितीचा अंदाज घेऊ. स्टीम रूममधले तापमान साधारणपणे ४० ते ५० अंश सेल्सिअस असते आणि सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांच्या आसपास असते. सौनामध्ये याच्या उलट, तापमान ७० ते १०० अंशांपर्यंत जाते, पण हवा बरीच कोरडी असते. त्यामुळे ‘सौनासाठी योग्य’ असे लिहिलेला दिवा उष्णता सोसणारा असेल, पण तो वाफेलाही टिकेलच असे नाही. ४५ अंशांच्या बाष्पसंपृक्त हवेत दर घनमीटरमागे सुमारे ६५ ग्रॅम पाणी बाष्परूपात असते. २० अंशांना तीच हवा फक्त १७ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरून ठेवू शकते. म्हणजे ही गरम हवा दिव्याच्या आत शिरली आणि तिथे थंड झाली, तर तिच्यातल्या बाष्पाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग तिथेच पाणी होऊन राहतो. काचेच्या आतले थेंब बहुतेक वेळा असेच आलेले असतात. कुठली भेग किंवा गळती शोधत बसलो तर ती सापडणारही नाही.

दिवा श्वास घेतो

आता प्रश्न असा की बंद दिव्यात ही हवा शिरते कशी. दिव्याच्या आत थोडी हवा कोंडलेली असते. दिवा लागला की ती तापते. २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेली तर तिचा दाब सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. हा दाब गास्केटच्या, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी पट्टीच्या, कडेवरून, केबल आत शिरते त्या ग्लँडमधून किंवा केबलच्या आतल्या तारांमधल्या बारीक पोकळीतून वाट काढतो आणि थोडी हवा बाहेर पडते. दिवा विझला की उरलेली हवा आकसते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्याच वाटांनी बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या वेळी खोलीत वाफ भरलेली असेल तर आत ओढली जाते ती वाफच. पुढच्या वेळी दिवा तापतो तेव्हा आतल्या पाण्याचे बाष्प होते खरे, पण त्यातले थोडेच बाहेर पडते आणि बाकीचे आतच फिरून पुन्हा थंड भागावर जमते. दररोज वापर असेल तर वर्षभरात हा श्वासोच्छ्वास शेकडो वेळा होतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते.

याशिवाय बाष्प सरळ रबरातूनही झिरपते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सिलिकॉन रबर उष्णतेला उत्तम टिकते म्हणून गास्केटसाठी ते पुष्कळ वापरले जाते, परंतु बाष्पाचे रेणू त्यातून तुलनेने सहज आरपार जातात. ईपीडीएम नावाचे रबर गरम पाण्याला आणि वाफेला चांगले तोंड देते आणि बाष्पही सिलिकॉनपेक्षा बरेच कमी जाऊ देते. म्हणून दोन दिवे इतर बाबतींत सारखे असतील, तर त्यांचे गास्केट कशाचे आहे हे विक्रेत्याला जरूर विचारावे.

या सगळ्याचा निष्कर्ष असा की ज्या दिव्याच्या आत हवेची पोकळीच नाही किंवा अगदी नाममात्र आहे, तो स्टीम रूममध्ये सर्वांत जास्त टिकतो. एलईडी आणि तिची पट्टी पारदर्शक रेझिनमध्ये पूर्णपणे ओतून घट्ट केलेली असते, केबलही त्याच रेझिनमध्ये रुतवलेली असते, असे दिवे मिळतात. आत हवाच नसेल तर श्वास घेणार कोण? अशा दिव्याची दुरुस्ती करता येत नाही, तो बिघडला तर पूर्ण बदलावा लागतो, हा त्याचा तोटा आहे. पण स्टीम रूमपुरता मला तो तोटा मान्य करण्यासारखा वाटतो.

आयपी क्रमांक काय सांगतो आणि काय सांगत नाही

दिव्यावर लिहिलेला आयपी क्रमांक आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिलेला असतो. त्यातला पहिला अंक धुळीसारख्या घन कणांपासूनचे संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचे. आयपी ४४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. आयपी ६५ म्हणजे धूळबंद आणि मिनिटाला १२.५ लिटरच्या झोताला टिकणारा. आयपी ६६ मध्ये हाच झोत मिनिटाला १०० लिटरचा होतो. आयपी ६७ चा दिवा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून तपासतात, तर आयपी ६८ म्हणजे निर्मात्याने सांगितलेल्या, याहून कठोर परिस्थितीत सतत बुडून राहू शकणारा. आयपी ६९ च्या चाचणीत ८० अंश तापमानाच्या पाण्याचा ८० ते १०० बार दाबाचा झोत जवळून सोडला जातो.

हे आकडे उपयोगी आहेत, पण त्यांची मर्यादा समजून घेतली पाहिजे. शेवटची चाचणी सोडली तर बाकीच्या बहुतेक चाचण्या साध्या तापमानाच्या पाण्याने होतात आणि काही मिनिटांत किंवा तासाभरात संपतात. गंज, बुरशी आणि बाष्प थिजून होणारा ओलावा या गोष्टी या मानकाच्या कक्षेबाहेर आहेत, असे त्या मानकातच नमूद केलेले आहे. म्हणजे आयपी ६५ चा दिवा दहा महिन्यांनी आतून ओला झाला, तरी त्याच्यावरचा क्रमांक खोटा होता असे म्हणता येत नाही. त्याने वाफेबद्दल कधी वचनच दिलेले नव्हते.

तेव्हा आयपी ६५ ही किमान पायरी धरावी आणि पुढे ‘स्टीम रूममध्ये वापरण्यास योग्य’ असे निर्मात्याने स्वतः लेखी दिले आहे का, हे पाहावे. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. माहितीपत्रकात स्टीम रूमचा स्पष्ट उल्लेख आणि तिथल्या तापमानाचा आकडा असला पाहिजे.

आयपी ६८ वाचून पोहण्याच्या तलावातले दिवे स्टीम रूममध्ये लावण्याचा मोह होतो. इथे सावध राहावे. पाण्याखाली वापरायच्या अनेक दिव्यांची उष्णता भोवतालच्या पाण्यात निघून जाईल, या हिशेबाने त्यांची रचना केलेली असते आणि पाण्याबाहेर लावू नयेत अशी सूचनाही त्यांच्यासोबत येते. गरम, कोंदट हवेत असा दिवा तापून लवकर निकामी होतो. पाणी न शिरल्यामुळे तो वाचेल, ही अपेक्षा फोल ठरते.

जुना हॅलोजन काढून एलईडी लावताना

बदलाचे बहुतेक प्रसंग आता याच प्रकारचे असतात, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर. जुन्या स्टीम रूममध्ये छतात बसवलेले १२ व्होल्टचे, ३५ किंवा ५० वॉटचे हॅलोजन दिवे असत. त्यांची बहुतांश ऊर्जा उष्णतेत जाई आणि ही उधळपट्टी दिव्याच्या एका परीने उपयोगीच पडे: आत शिरलेला ओलावा त्या उष्णतेने सतत वाळत राही, काच गरम असल्यामुळे तिच्यावर दव धरत नसे. दिव्याच्या त्याच घरात, म्हणजे बल्बभोवतीच्या बंद खोक्यात, पाच-सहा वॉटचा एलईडी बल्ब बसवला की ही आपोआप होणारी वाळवणी थांबते. गास्केट तेच, भोक तेच, श्वासोच्छ्वास कमी प्रमाणात पण चालूच. मात्र आत आलेले बाष्प आता तिथेच मुक्काम करते. पूर्वी दहा वर्षे चाललेल्या घरात नवा बल्ब वर्षभरही का टिकत नाही, या कोड्याचे एक उत्तर इथे आहे.

दुसरे उत्तर त्या बल्बच्या आतच आहे. हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बच्या बुडाशी छोटासा इलेक्ट्रॉनिक भाग असतो आणि उष्णता तिथेच साठते. असे अनेक बल्ब पूर्ण बंद घरात वापरू नयेत, असे त्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. स्टीम रूममधले घर तर बंदच असते आणि भोवतालची हवा ४५ अंशांची.

तिसरी अडचण ट्रान्सफॉर्मरची. हॅलोजनसाठी बसवलेल्या कित्येक इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरना चालण्यासाठी किमान भार लागतो, आणि एलईडीचा पाच वॉटचा भार त्याहून फार कमी पडतो. मग दिवा लुकलुकतो, गुणगुणतो किंवा लागतच नाही. अशा वेळी दिवा बदलून काही उपयोग होत नाही, ट्रान्सफॉर्मर काढून एलईडीसाठीचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारे उपकरण, बसवावा लागतो. त्यातही काही दिव्यांना १२ किंवा २४ व्होल्टचा स्थिर व्होल्टेज देणारा ड्रायव्हर लागतो, तर काहींना ३५० किंवा ७०० मिलिअँपिअरसारखा स्थिर प्रवाह देणारा. दोन्हींची अदलाबदल केल्यास एलईडी पहिल्या दिवशीच जळू शकते.

थोडक्यात, स्टीम रूममध्ये ‘फक्त बल्ब बदलू’ हा विचार सहसा महागात पडतो. घर, गास्केट, केबल आणि वीजपुरवठा यांचा एकत्र विचार करून पूर्ण दिवाच बदलणे श्रेयस्कर.

उष्णतेचे गणित आणि ड्रायव्हरची जागा

दिव्यांच्या सुरक्षिततेविषयीच्या आयईसी ६०५९८ या मानकानुसार दिवा भोवतालच्या किती तापमानापर्यंत वापरता येईल, हे त्याच्यावर ‘टीए’ या चिन्हापुढे लिहिलेले असते. असा आकडा लिहिलेलाच नसेल तर ती मर्यादा २५ अंश समजायची. हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल, पण बाजारातल्या कितीतरी देखण्या, आयपी ६५ दिव्यांची मर्यादा प्रत्यक्षात एवढीच असते. स्टीम रूमच्या छताजवळचे तापमान बसण्याच्या जागेपेक्षा जास्त असते, कारण गरम हवा वर चढते. खोलीचा तापमापक ४५ दाखवत असेल तर छतातल्या दिव्यासाठी निदान ६० अंशांची मर्यादा असलेला दिवा निवडावा, असे माझे मत आहे. तेवढा फरक हाती असलेला बरा.

एलईडीचे आयुष्य तास मोजून सांगतात, तेव्हा बहुधा तिचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ अभिप्रेत असतो आणि तो ठरावीक तापमानाला मोजलेला असतो. तापमान वाढले की हा काळ आटतो. ड्रायव्हरची स्थिती आणखी नाजूक असते. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागाच्या बाबतीत तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. २५ अंशांऐवजी ४५ अंशांत राहिला तर आयुष्य एक चतुर्थांशावर आले, असे समजावे. म्हणून ड्रायव्हर नेहमी खोलीच्या बाहेर, कोरड्या, हवा खेळती असलेल्या आणि हात पोहोचेल अशा जागी असावा. स्टीम रूमच्या छताच्या वरची पोकळी ही त्यासाठी चुकीची जागा आहे. ती उबदार असते, बहुधा दमट असते आणि ड्रायव्हर बदलायची वेळ आली की छत फोडावे लागते.

ड्रायव्हर दूर ठेवायचा तर तारेतली व्होल्टेजची घट लक्षात घ्यावी लागते. तेवढ्याच वॉटसाठी २४ व्होल्टला १२ व्होल्टच्या निम्माच प्रवाह लागतो, आणि त्याच जाडीच्या, त्याच लांबीच्या तारेत होणारी घट टक्केवारीने पाहिली तर एक चतुर्थांश होते. अंतर पाच-सात मीटरांहून जास्त असेल, तर २४ व्होल्टची पद्धत घेणे शहाणपणाचे.

विजेची सुरक्षितता

या खोलीत माणूस जवळजवळ उघड्या अंगाने, घामाने व पाण्याने भिजलेला आणि ओल्या जमिनीवर अनवाणी असतो. ओल्या त्वचेचा विजेला होणारा रोध कोरड्या त्वचेपेक्षा पुष्कळ कमी असतो, त्यामुळे एरवी निसटता वाटणारा धक्का इथे जीवघेणा ठरू शकतो. म्हणून वाफेच्या खोलीत मुख्य पुरवठ्याचा २३० व्होल्टचा दिवा असूच नये, असे मी ठामपणे म्हणेन, मग तो कितीही चांगल्या प्रकारे बंद केलेला असो.

आत जाणारी वीज १२ किंवा २४ व्होल्टची असावी आणि ती मुख्य पुरवठ्यापासून पूर्णपणे विलग असावी. या दुसऱ्या अटीकडे दुर्लक्ष होते. व्होल्टेज कमी आहे एवढे पुरत नाही. ड्रायव्हरमध्ये बिघाड झाला तरी मुख्य पुरवठ्याची वीज पलीकडे जाणार नाही, अशी त्याची रचना असली पाहिजे. तांत्रिक भाषेत याला एसईएलव्ही म्हणतात आणि ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात हा शब्द असावा लागतो. दिव्यावर टोकावर उभ्या चौकोनात (पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात) रोमन तीन हा आकडा असेल, तर तो दिवा केवळ अशा पुरवठ्यावर चालण्यासाठी बनवलेला आहे असे समजावे. न्हाणीघरांविषयीच्या आयईसी ६०३६४ मालिकेतल्या नियमांत सर्वांत ओल्या भागासाठी प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाला १२ व्होल्ट आणि एकदिश (डीसी) प्रवाहाला ३० व्होल्ट अशी मर्यादा आहे. २४ व्होल्टचा एकदिश पुरवठा तिच्यात बसतो. ड्रायव्हरला वीज देणाऱ्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची वीजगळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी असावा आणि स्विच खोलीच्या बाहेर असावा. प्रत्येक देशाचे वायरिंगचे नियम वेगळे असतात आणि ते वरचढ मानावेत. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचे आहे. मालकाला निवडीमागची कारणे कळावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धातू, काच, प्लास्टिक

वाफ थिजून बनणारे पाणी शुद्ध असले तरी घामातले मीठ आणि सफाईच्या द्रावणातले क्लोरिन त्यात मिसळते. साध्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर अशा ठिकाणी तपकिरी ठिपके उठतात. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ती क्लोराइडला जास्त तोंड देते. स्क्रूही त्याच प्रतीचे हवेत. दिवा ३१६ चा आणि स्क्रू साधे, अशी जोडी जमली की पुढच्या वेळी दिवा उघडताना स्क्रूची डोकी हातात येतात.

समोरची पारदर्शक बाजू टफन्ड काचेची असावी. पॉलिकार्बोनेट धक्क्याला कणखर असले तरी ६० अंशांहून जास्त गरम ओलाव्यात दीर्घकाळ राहिले तर पाण्याशी त्याची रासायनिक प्रक्रिया होऊन ते ठिसूळ होते. स्टीम रूममध्ये सुगंधासाठी तेले वापरत असतील तर हा प्रश्न आणखी वाढतो. लिंबूवर्गीय तेलांतले लिमोनिन हे एक द्रावक आहे, पॉलिस्टायरीन त्यात विरघळते आणि इतरही काही प्लास्टिकांना अशा तेलांनी बारीक तडे जातात. काचेला यातले काहीच बाधत नाही.

धुक्यात किती प्रकाश हवा

जुना दिवा मंद वाटत होता म्हणून नवा जास्त ल्युमेनचा घ्यावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण धुक्यात प्रकाश कसा वागतो हे पाहिले तर मत बदलते. आपल्याला पांढरी दिसणारी वाफ म्हणजे खरे तर हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्यामुळे सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून ते पांढरे दिसतात. दाट धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते आणि रस्ता आणखीच दिसेनासा होतो. स्टीम रूमच्या छतातला प्रखर दिवा तेच करतो. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो ही समजूतही इतक्या मोठ्या थेंबांच्या बाबतीत खरी ठरत नाही. पिवळसर, म्हणजे २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश इथे डोळ्यांना सौम्य वाटतो, म्हणून तो घ्यावा.

त्यामुळे एक प्रखर दिवा लावण्याऐवजी चार मंद दिवे लावणे बरे, आणि तेही शक्यतो खाली. बाकाच्या पुढच्या कडेखाली, पायरीजवळ, पाठ टेकतो त्या भिंतीच्या मागच्या खोबणीत दिवे लावले तर जमीन आणि पायरीची कड स्पष्ट दिसते, आणि घसरून पडण्याचा खरा धोका तिथेच असतो. शिवाय खालची हवा छताजवळच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे दिव्याचे आयुष्यही वाढते. जिथून वाफ सुटते त्या तोटीच्या वर किंवा अगदी शेजारी दिवा कधीही नको. तिथे वाफ १०० अंशांच्या जवळपास असते. बाकाखाली दिवा लावताना तो बसणाऱ्याच्या पोटरीला चिकटणार नाही आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जाणार नाही, हेही पाहावे.

बाकाखाली लावण्यासाठी एलईडी पट्टीही चालते, परंतु फक्त पूर्ण भरीव आवरणाची. नळीसारख्या पोकळ आवरणात सरकवलेली पट्टी टाळावी. ती वर सांगितल्याप्रमाणे श्वास घेते. पट्टी जिथे कापतात ते टोक हा तिचा सर्वांत दुबळा भाग असतो, म्हणून हव्या त्या लांबीत कारखान्यातच बंद करून मिळणारी पट्टी घ्यावी.

रंग बदलणाऱ्या दिव्यांबद्दल थोडक्यात: आवडत असतील तर जरूर घ्यावेत. अमुक रंगाने अमुक विकार बरा होतो, अशा दाव्यांवर मात्र निवड करू नये.

वीजच आत न नेण्याचे मार्ग

या सगळ्या अडचणींतून सुटण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे प्रकाश आत न्यायचा आणि वीज बाहेर ठेवायची. फायबर ऑप्टिक पद्धतीत प्रकाशाचा स्रोत बाहेरच्या खोलीत असतो आणि काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या बारीक तंतूंमधून फक्त प्रकाश आत येतो. तंतूंच्या टोकाशी ना वीज असते, ना उष्णता, ना गंजण्यासारखे काही. ॲक्रिलिकचे तंतू साधारण ७० अंशांपर्यंत टिकतात, काचेचे त्याहून पुष्कळ जास्त. ॲक्रिलिकमध्ये लांब अंतरावर लाल रंग जास्त शोषला जातो आणि प्रकाशाला हिरवट झाक येते, म्हणून स्रोत जवळ असलेला बरा. स्रोताच्या पेटीत बहुतेक वेळा पंखा असतो. त्याचा आवाज शांत खोलीत ऐकू येणार नाही अशी जागा निवडावी. पहिल्यांदा खर्च जास्त होतो आणि झगमगाट मिळत नाही, पण स्टीम रूमला झगमगाट नकोच असतो.

याहून साधा मार्ग म्हणजे भिंतीत किंवा दरवाज्याशेजारी पक्की बंद केलेली काच असेल तर तिच्या बाहेरून दिवा लावणे. बाहेरच्या कोरड्या हवेत साधा दिवाही वर्षानुवर्षे टिकतो. वीज गेल्यावर लागणारा आपत्कालीन दिवा तर असाच बाहेर लावून काचेच्या दरवाज्यातून आत प्रकाश पडेल अशी व्यवस्था करावी, कारण त्यातली बॅटरी स्टीम रूमच्या उष्णतेत लवकर निकामी होते.

जुना दिवा काढताना आणि नवा बसवताना

जुना दिवा टाकून देण्याआधी नीट न्याहाळावा, कारण त्याचे दुखणे नव्या निवडीला दिशा देते. काचेच्या आत पाणी आणि दबून सपाट झालेले गास्केट म्हणजे श्वासोच्छ्वासाचा परिणाम. तारांच्या टोकांवर हिरवट थर असेल तर तांब्यापर्यंत ओल पोहोचली आहे आणि केबलचा तेवढा भाग, किंबहुना जमल्यास पूर्ण केबल बदलायला हवी. जुन्या केबलच्या तारांमधून पाणी वातीत चढावे तसे पुढे सरकते आणि नव्या दिव्यात पोहोचते. दिवा आतून कोरडा पण प्लास्टिक करपलेले असेल तर दोष उष्णतेचा आहे. दिवा धडधाकट दिसत असेल तर बाहेरचा ड्रायव्हर तपासावा, कदाचित दिवा बदलण्याची गरजच नसेल.

भोकाचा व्यास, मागची खोली आणि टाइलची जाडी मोजूनच दिवा मागवावा. नव्या दिव्याची कड जुन्या भोकापेक्षा जेमतेम मोठी असेल तर गास्केटला टेकायला सपाट जागा उरत नाही. टाइलच्या खडबडीत पृष्ठभागावर किंवा सांध्याच्या रेषेवर गास्केट नीट बसत नाही, तिथे सीलंट लागतो. तो न्यूट्रल प्रकारचा सिलिकॉन असावा. वाळताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून ॲसिटिक ॲसिड बाहेर पडते आणि ते तांबे व इतर धातू गंजवते.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट टाइलच्या मागे असते. चांगल्या स्टीम रूममध्ये टाइलमागे बाष्परोधक थर असतो, जो वाफेला भिंतीत आणि छतात शिरू देत नाही. दिव्याचे प्रत्येक भोक या थराला पडलेले भोक असते. ते दिव्यामागे नीट बंद केले नाही, तर वाफ छताच्या वर जाते, तिथल्या थंड भागावर थिजते आणि लाकूड, इन्सुलेशन व वायरिंग भिजवते. खालून काहीच दिसत नाही. दिसते तेव्हा बुरशी धरलेली असते. म्हणून मूळ दिव्याच्या मागे बंद पेटी आहे का, केबल तिच्यातून बाहेर पडते ती जागा सीलबंद आहे का, हे दिवा काढल्यावर लगेच पाहावे. नको असलेले भोक बाष्परोधक थरासकट बुजवूनच वर टाइल लावावी. केबल दिव्यात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते आणि ग्लँडपर्यंत जात नाही.

दिवा बसवल्यावर सीलंटला निर्मात्याने सांगितलेला वेळ पूर्ण द्यावा आणि मगच वाफ सोडावी. पुढे रोजच्या वापरात एक सवय लावून घ्यावी: वाफ बंद केली की दिवा लगेच विझवू नये. आधी दार उघडून किंवा पंखा लावून खोलीतली वाफ जाऊ द्यावी आणि हवा कोरडी झाल्यावर दिवा बंद करावा. दिवा थंड होताना आत ओढेल ती हवा मग कोरडी असेल. स्विचला टायमर जोडून हे आपोआपही करता येते. पहिल्या आठवड्यात दररोज सकाळी, खोली पूर्ण थंड असताना, प्रत्येक दिव्याच्या काचेकडे बॅटरीच्या उजेडात तिरकस पाहावे. आतल्या बाजूला धूसर वर्तुळ दिसले तर गास्केट किंवा ग्लँड नीट बसलेला नाही. दिवा तेव्हाच उघडून, वाळवून पुन्हा बसवला तर तो वाचतो, आणि रेझिन भरलेला असेल तर हमीची मुदत संपण्याआधी बदलून घेता येतो.